केटचं आजारपण: विचारायचा हक्क कुणाला, आणि कुठवर?

थेम्सकाठची:

१७ जानेवारी २०२४ ला एकाच दुपारी लंडनमधून दोन पत्रकं निघाली. पहिलं केन्सिंग्टन पॅलेसचं. प्रिन्सेस ऑफ वेल्स केट हिच्या पोटावर आदल्या दिवशी लंडन क्लिनिकमध्ये शस्त्रक्रिया झाली आहे, ती आधीच ठरलेली होती, दहा ते चौदा दिवस तिथे राहावं लागेल आणि ईस्टर होईपर्यंत ती कामावर परतणार नाही. दुसरं बकिंगहॅम पॅलेसचं. राजे चार्ल्स यांच्या वाढलेल्या प्रोस्टेटवर पुढच्या आठवड्यात उपचार होणार.

त्या वर्षी ईस्टर ३१ मार्चला होता. म्हणजे अडीच महिने बाई दिसणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं. सांगितलं नव्हतं ते फक्त आजाराचं नाव. तरी फेब्रुवारी संपायच्या आत "केट कुठे आहे?" सुरू झालं. २७ फेब्रुवारीला तिचा नवरा विल्यम ग्रीसचे माजी राजे कॉन्स्टंटाइन यांच्या स्मृतिप्रार्थनेला ऐनवेळी गेला नाही, 'वैयक्तिक कारण' एवढंच कळवलं, आणि मग धरबंदच राहिला नाही. ती कोमात आहे, नवरा-बायकोचं फाटलंय, घर सोडून गेली, तोंडावर काहीतरी करून घेतलंय. स्पेनमधल्या एका टीव्ही कार्यक्रमात कोमाचं सांगितलं गेलं, ते राजवाड्याला जाहीरपणे खोडून काढावं लागलं.

मी स्लाउला राहते, विंडसर इथून पुढचं स्टेशन. १६ मार्चला केट आणि विल्यम विंडसर फार्म शॉपमध्ये आले होते. राजघराण्याच्या शेतातलं मांस, दूध, भाजी विकणारं ते दुकान, आम्ही कधीमधी जातो. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं, दोन दिवसांत ते जगभर गेलं. हातात पिशवी घेऊन नवऱ्याबरोबर चालणारी बाई, एवढंच त्यात आहे. लोकांनी ते थांबवून थांबवून पाहिलं. उंची मोजली, चालण्याची जुन्या चित्रणांशी तुलना केली, आणि ही तोतया आहे असं ठरवलं. आमच्या इथल्या मराठी ग्रुपवरसुद्धा गालांवर लाल वर्तुळं काढलेले फोटो फिरत होते.

त्याच आठवड्यात बातमी आली की लंडन क्लिनिकमध्ये तिचे वैद्यकीय कागद कुणा कर्मचाऱ्याने चोरून उघडायचा प्रयत्न केला. आणि २२ मार्चला ती विंडसरच्या बागेतल्या बाकावर बसून बोलली. शस्त्रक्रिया झाली तेव्हा कर्करोग नाही असं वाटत होतं, नंतरच्या तपासण्यांत तो सापडला, खबरदारीची केमोथेरपी सुरू आहे. जॉर्ज, शार्लट आणि लुईला नीट समजावून सांगायला वेळ हवा होता, असंही म्हणाली. मुलं तेव्हा दहा, आठ आणि पाच वर्षांची. मुलांच्या शाळेला ईस्टरची सुट्टी लागत होती, त्या शुक्रवारी हे जाहीर केलं, म्हणजे सोमवारी वर्गात कुणी काही विचारणार नाही.

ती आता बरी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केमो संपली, जानेवारी २०२५ मध्ये रॉयल मार्सडन रुग्णालयाला भेट दिली तेव्हा आजार ओसरल्याचं तिनेच कळवलं. पण माझ्या मनातून ते आठवडे जात नाहीत. तेव्हा जो तो म्हणायचा, "आम्हाला काळजी वाटते." मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. काळजी असलेला माणूस आजारी बाईचं चालणं मोजत बसत नाही.

माझा मुद्दा असा. राजाची प्रकृती हा राज्यकारभाराचा प्रश्न आहे. त्याच्या सहीशिवाय कायदा होत नाही. तो अंथरुणाला खिळला तर काय करायचं यासाठी १९३७ चा रीजन्सी कायदा आहे, तात्पुरतं काम बघायला 'कौन्सेलर ऑफ स्टेट' आहेत. केट त्या यादीतही नाही. तिच्या सहीवाचून देशाचा एक कागद अडत नाही. मग तिचा रिपोर्ट आपल्याला कशासाठी हवा होता?

बारामतीकर:

धागा चांगला आहे, पण माझी असहमती नोंदवतो.

राजवाड्याने जगाला खोटा फोटो दिला, हे तुम्ही अख्ख्या लेखात सांगितलंच नाही. १० मार्चला, तिकडच्या मातृदिनाला, केट आणि तीन मुलांचा फोटो आला. फोटो विल्यमने काढला, असं सांगितलं. काही तासांत एपी, एएफपी, रॉयटर्स आणि गेटी या चारही मोठ्या वृत्तसंस्थांनी तो मागे घेतला. शार्लटच्या स्वेटरची बाही मनगटापाशी मध्येच नाहीशी होते, केटच्या जाकिटाची चेन जुळत नाही. दुसऱ्या दिवशी केटच्या नावाने दिलगिरी आली की हौशी छायाचित्रकारांसारखी मीही अधूनमधून फोटोंवर प्रयोग करते. एएफपीच्या संपादकांनी तर उघड सांगितलं की केन्सिंग्टन पॅलेस आता विश्वासार्ह स्रोत राहिला नाही. मागाहून राणी एलिझाबेथचा नातवंडा-पतवंडांबरोबरचा बाल्मोरलचा फोटोही, जो केटनेच काढला होता, बदललेला असल्याचं गेटीने सांगितलं.

हे घराणं उभं आहे ते लोकांना दिसण्यावर. बाळ झालं की काही तासांत रुग्णालयाच्या पायऱ्यांवर उभं राहून फोटो द्यायचे, लग्न जगभर दाखवायचं, आणि नको तेव्हा "खाजगी आहे" म्हणायचं. मला तिच्या पोटात काय होतं ते जाणून घ्यायचं नाही. पण जो दिसण्याच्या जोरावर मान घेतो त्याने खोटं दाखवलं तर प्रश्न विचारणं हा चहाटळपणा नाही, पत्रकारिता आहे.

थेम्सकाठची:

बारामतीकर, फोटोचं तुमचं म्हणणं मान्य. वृत्तसंस्थांनी तो मागे घेतला हे योग्यच केलं. युद्धाचे, निवडणुकांचे फोटो याच संस्था तपासतात, तिथे एकाला सूट दिली की संपलंच.

पण तो फोटो निघाला का, हेही बघा. दोन आठवडे जग "जिवंत असल्याचा पुरावा द्या" म्हणत होतं. आजारी बाईने मुलांना जवळ घेऊन हसत पुरावा दिला, त्यात चूक निघाली, आणि ती चूकच पुढच्या संशयाचा पुरावा झाली. २२ मार्चच्या निवेदनानंतरही "हा व्हिडिओ संगणकाने बनवलाय" म्हणणारे होतेच. तेव्हा काय दाखवलं असतं म्हणजे लोक थांबले असते?

निर्मला_ठाणे:

मी कर्करोग विभागात बरीच वर्षं परिचारिका आहे. कुठला कर्करोग, कितवी पायरी याचा अंदाज मी बांधणार नाही, आणि कृपया इथे कुणी बांधू नये. फक्त तारखांबद्दल लिहिते, कारण "मग जानेवारीतच का नाही सांगितलं" हे फार ऐकलं.

शस्त्रक्रियेत काढलेला भाग पॅथॉलॉजीत जातो. तिथे त्याच्या पातळ चकत्या करून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कधी पुढच्या खास तपासण्या लागतात. रिपोर्ट हातात यायला आठवडा, दोन आठवडे सहज जातात. मग डॉक्टरांची बैठक होते, पुढचे उपचार ठरतात. पोटावर मोठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला लगेच केमो देता येत नाही, जखम भरायला हवी, अंगात ताकद यायला हवी. साधारण चार ते आठ आठवडे. तिची शस्त्रक्रिया १६ जानेवारीची आणि केमो सुरू झाली फेब्रुवारीच्या अखेरीस. अगदी नेहमीचं वेळापत्रक आहे हे. पहिलं पत्रक निघालं त्या दिवशी कर्करोगाचं खुद्द तिलाही माहीत नव्हतं.

आणि "एकदा खिडकीत येऊन हात हलवायला काय होतं" म्हणणाऱ्यांसाठी. केमो दिल्यावर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत साधा ताप आला तरी आम्ही रात्री-अपरात्री रुग्णाला भरती करून घेतो. गर्दीपासून लांब राहा, शिंकणाऱ्याला घरात घेऊ नका, हे रोज सांगतो. म्हणजे जग तिला बाहेर ये म्हणत होतं ते नेमके तिने घरात बसायचे दिवस होते.

गंगावेस:

या विषयावर कोल्हापूरकराने गप्प बसणं बरं नव्हे. आमच्याकडे हा प्रश्न १४० वर्षांपूर्वी येऊन गेला आहे, आणि त्यापायी टिळक-आगरकर तुरुंगात गेले.

चौथे शिवाजी महाराज १८७१ साली लहानपणीच दत्तक आले. वयात येईतो कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली, कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे. महाराजांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असं सरकार सांगू लागलं. इकडे लोकांत बोलवा अशी की त्यांचा छळ होतो आहे, मुद्दाम वेडं ठरवत आहेत. 'केसरी' आणि 'मराठा' निघून जेमतेम वर्ष झालं होतं. दोन्ही पत्रांनी हा विषय लावून धरला आणि बर्व्यांनी लिहिलेली म्हणून पत्रं त्यांच्या हाती आली, त्यांच्या आधारे बर्व्यांवर आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून दोघे सुटले.

आता पुढचं. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. तिथे २५ डिसेंबर १८८३ ला, त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. वय २० वर्षं. त्यानंतर १८८४ मध्ये दत्तक आले ते शाहू महाराज.

म्हणजे बघा, वर्तमानपत्रांनी छापलेला पुरावा खोटा होता, बर्व्यांवर अन्याय झाला. पण "महाराजांचं काय चाललंय ते आम्हाला दाखवा" ही मागणी खोटी नव्हती. तो मुलगा स्वतः बोलू शकत नव्हता. त्याच्या प्रकृतीचा दाखला देणाऱ्यांच्याच हातात त्याचं राज्य होतं. केटला वकील आहेत, डॉक्टर तिच्या पसंतीचे आहेत, नवरा आहे, आई-वडील जवळ आहेत, आणि "मला वेळ द्या" हे ती स्वतःच्या तोंडाने सांगू शकते. माझ्या मते विचारायचा हक्क इथे ठरतो. आजारी माणूस कुणाच्या कैदेत असेल तर दार ठोठावा. तो स्वतःच कडी लावून आत बसला असेल तर निघून या.

बारामतीकर:

गंगावेस, बर्वे प्रकरण शाळेत एका ओळीत उरकलं होतं, त्यामागे एवढं आहे हे माहीत नव्हतं. कडीचा मुद्दा पटतो. पण मग राजवाडे जेव्हा राजाबद्दलच खोटं सांगतात तेव्हा? तोही आतूनच कडी लावतो की.

अनुस्वार:

बारामतीकर, त्याची उदाहरणं हवी तेवढी आहेत, आणि म्हणूनच राजा आणि राजाची सून यांत फरक करायला हवा.

सप्टेंबर १९५१ मध्ये सहाव्या जॉर्जचं एक फुप्फुस काढलं. कर्करोग होता. लोकांना सांगितलं की फुप्फुसाच्या रचनेत बदल झाले आहेत. खुद्द राजालाही कर्करोग हा शब्द सांगितला नव्हता. पुढच्या फेब्रुवारीत तो गेला. त्याच्या बापाची, पाचव्या जॉर्जची गोष्ट त्याहून वाईट. २० जानेवारी १९३६ च्या रात्री त्याच्या डॉक्टरांनी, लॉर्ड डॉसननी, मॉर्फिन आणि कोकेनची इंजेक्शनं देऊन त्याचा अंत लवकर घडवून आणला. एक कारण असं की बातमी संध्याकाळच्या हलक्या पत्रांऐवजी सकाळच्या 'टाइम्स'मध्ये यावी. डॉक्टरांच्या टिपणांमुळे हे १९८६ साली, पन्नास वर्षांनी उघड झालं. जपानचे सम्राट हिरोहितो १९८८ च्या सप्टेंबरपासून अंथरुणाला खिळले होते, रोज ताप, रक्तदाब, किती रक्त चढवलं याची पत्रकं निघायची, पण कर्करोग आहे हे ते ७ जानेवारी १९८९ ला वारल्यावरच सांगितलं.

मला विचाराल तर सर्वांत गंभीर राजाचं नाहीच, पंतप्रधानाचं आहे. जून १९५३ मध्ये चर्चिलला पक्षाघाताचा झटका आला. पत्रांचे मालक त्याचे मित्र होते, त्यांनी बातमी दाबली. अणुबॉम्ब असलेल्या देशाचा पंतप्रधान धड उभा राहू शकत नव्हता आणि मतदारांना पत्ता नाही. तिथे पत्रकारांनी भिंती चढून आत जायला हवं होतं. ते गप्प बसले. आणि २०२४ मध्ये, जिच्या हातात काही नाही अशा बाईच्या गालाची वर्तुळं काढत बसले.

चार्ल्सचं मात्र यावेळी बरं वाटलं. प्रोस्टेटचं आधीच सांगितलं, ५ फेब्रुवारीला कर्करोग असल्याचंही सांगितलं. कुठला ते नाही, पण आहे हे सांगितलं. राजाने एवढं सांगायलाच हवं.

नोंदखोली:

रुग्णालयाच्या नोंदी सांभाळणं हे माझं काम, म्हणून कागद उघडण्याबद्दल दोन शब्द.

संगणकावरची फाइल कुणी, किती वाजता, कुठल्या यंत्रावरून उघडली याची आपोआप नोंद होते. ज्याचा त्या रुग्णाच्या उपचाराशी संबंध नाही त्याने ती उघडली तर तपासणीत सापडतोच. लंडन क्लिनिकचं प्रकरण ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाकडे गेलं. तिकडच्या २०१८ च्या कायद्यात परवानगीशिवाय अशी माहिती मिळवणं हा गुन्हा आहे, पण शिक्षा दंडाची, कैदेची नाही. नामवंत रुग्ण आला की मोह होतो, म्हणून काही ठिकाणी त्याची नोंद टोपणनावाने ठेवतात.

आपल्याकडे माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ ला आला, त्याआधी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. आणि वॉर्डात फाइल अजून खाटेच्या पायाशी लटकते. भेटायला आलेला लांबचा मामा ती उघडतो, चष्मा लावून वाचतो, बाहेर जिन्यात उभा राहून फोनवर सगळ्यांना सांगतो. त्याला कुणी अडवत नाही, कारण तो घरचाच. खाटेपासून फाइल काढून नर्सच्या टेबलामागे कुलपात ठेवायला पैसे लागत नाहीत. मी हे आमच्याकडे करून घेतलं, नातेवाईक चिडले, अजूनही चिडतात.

म्हापसेकार:

केटच्याच बाबतीत डिसेंबर २०१२ मध्ये घडलं ते कुणी लिहिलं नाही. पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा उलट्यांनी हैराण होऊन ती लंडनच्या किंग एडवर्ड सेव्हन्थ रुग्णालयात होती. ऑस्ट्रेलियातल्या एका रेडिओवरच्या दोघांनी राणी आणि चार्ल्स बनून पहाटे फोन लावला. तेव्हा फोनवर कुणी नसायचं, म्हणून एका परिचारिकेने तो घेतला आणि वॉर्डात जोडून दिला. तिथल्या दुसरीने केटची तब्येत सांगितली. ते जगभर वाजवलं गेलं. तीन दिवसांनी फोन जोडून देणाऱ्या परिचारिकेने आत्महत्या केली. मंगळुरूकडची, दोन मुलांची आई. उडुपीजवळच्या शिरवा गावात तिला माती दिली. आमच्या कोंकणी माणसांना ती बातमी फार लागली होती.

आजारी राजकन्येबद्दल काहीतरी कळावं ही भूक एवढी होती की मध्ये उभी राहिलेली एक बाई त्यात गेली. आणि बारा वर्षांनी पुन्हा तेच, फक्त यावेळी रेडिओवाल्यांची गरज उरली नव्हती.

थेम्सकाठची:

म्हापसेकार, हे लिहिलंत ते बरं केलंत.

एक भर. कार्डिफ विद्यापीठातल्या अभ्यासकांना २०२४ च्या अफवांमागे रशियाशी जोडलेल्या खात्यांचं एक जाळंही सापडलं. अफवा त्यांनी जन्माला घातल्या नव्हत्या, आधीच पेटलेल्यात तेल ओतत होते. लोक भोळेपणाने पुढे पाठवत होते, ते ठरवून पाठवत होते.

वैशाली_कासारवाडी:

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. मला स्तनाचा कर्करोग झाला होता, आता ठीक आहे. केटने "मुलांना सांगायला वेळ हवा होता" म्हटलं तेव्हा माझे डोळे भरून आले. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. मी त्याला सांगायच्या आधी सोसायटीतल्या एका मोठ्या मुलाने खाली खेळताना सांगितलं, "तुझी आई टकली होणार आहे." तो वर आला आणि माझ्या केसांना हात लावून बसला. मला जे शब्द वापरायचे होते ते मला वापरताच आले नाहीत.

विचारणारे सगळे प्रेमाचेच होते. "कितवी स्टेज? कुठल्या बाजूला? कुणाला होतं का घरात आधी?" हळदी-कुंकवाला गेले तरी हेच. नात्यातल्या एकीने माझा स्कार्फमधला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली दीडशे नमस्काराचे हात. मला तेव्हा कुणीतरी भाजी निवडून दिली असती तर जास्त बरं वाटलं असतं.

पाणकळा:

वैशालीताई, माझ्या वहिनीची केमो गेल्या महिन्यात सुरू झाली. पुतणी नऊ वर्षांची आहे, तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. आणि फोन तर सकाळपासून रात्रीपर्यंत. दादा वैतागून गेलाय. काय करावं?

वैशाली_कासारवाडी:

पाणकळा, पुतणीला आजच सांगा, आईनेच सांगू दे. आजाराचं खरं नाव सांगा, "पोट दुखतंय" वगैरे नको, मुलांना पुढे सगळं कळतं आणि मग ती तुमच्या पुढच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत. औषधाने केस जातील आणि परत येतील हे केस जायच्या आधी सांगा. तिच्यामुळे झालं नाही आणि जवळ बसल्याने होत नाही, हे दोन्ही सांगा, विचारलं नाही तरी. वर्गशिक्षिकेला भेटून या, वर्गात काही निघालं तर त्यांना माहीत असावं.

फोनसाठी घरातला एकच माणूस ठरवा, तुम्हीच व्हा. दादा आणि वहिनीने उचलायचेच नाहीत. आठवड्यातून एकदा तुम्ही सगळ्यांना एक संदेश पाठवायचा, तोही वहिनीला आधी दाखवून. ती म्हणेल तेवढंच लिहायचं. जो जास्त विचारेल त्याला काम द्या. मंगळवारचा डबा, पुतणीला शाळेतून आणणं, औषधांच्या दुकानातली रांग.

निर्मला_ठाणे:

वैशालीताईंनी सांगितलंय तसंच करा. एवढं जोडते: डबा घरी शिजवलेला आणि गरम असू दे, केमोच्या दिवसांत कच्ची कोशिंबीर आणि बाहेरची चटणी नको. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात फोन करा. बाकी काही विचारायचं असेल तर मला वैयक्तिक निरोप पाठवा, वहिनीचे रिपोर्ट इथे टाकू नका.